पिवळीचा जीन

मला एका जागी बसता येत नाही. दोन मिनिटं झाली की गुडघा हलायला लागतो. आई म्हणते, मी जन्मले तेव्हा नर्सच्या हातातही ठरत नव्हते. अशा बाईने बुरशीवर पीएचडी करायला घ्यावी म्हणजे कहरच. बुरशीला कसली घाई? आज लावली की बाराव्या दिवशी काय ते सांगणार. तोवर तुम्ही नाचा, उपास करा, नवस बोला, तिच्या बापाचं काही जात नाही.

आम्ही लालबागचे. आई मिरची गल्लीत एका मसाल्याच्या दुकानात मिरच्या निवडायला आणि देठं काढायला जाते, आता वीसेक वर्षं होतील. मी बुरशीवर शिकणार म्हटल्यावर तिने हातातली मिरची खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं. "बुरशी? ती टाकून देतत गो. तेच्यार काय शिकतलंस?" चाळीत तर माझं नावच 'बुरशीवाली' पडलं. कोणाच्या लोणच्यावर पांढरं आलं की बरणी थेट आमच्या दारात. मी वाकून बघायचे आणि सांगायचे, काकू, फेकून द्या. काकूंचा चेहरा पडायचा. एवढं शिकून ही तेच सांगते जे माझी सासू सांगायची, असं त्यांच्या मनात यायचं, आणि ते खरंच होतं.

प्रयोगशाळा परळला, घरापासून चालत वीस मिनिटांवर. तिथे आम्ही तिघं रोजचे. एक मी. दुसऱ्या मॅडम, म्हणजे माझ्या गाईड. साठीला टेकलेल्या, गिरगावातल्या, शुद्ध बोलणाऱ्या आणि कधीच आवाज न चढवणाऱ्या. तिसरे मामा. मामा बुरशी वाढवायच्या काचेच्या प्लेटा धुवायचे आणि वापरून झालेल्या बुरशीला ऑटोक्लेव्हमध्ये घालून मारायचे. त्या यंत्राला ते कुकर म्हणायचे, आणि शिट्टी होत नाही म्हणून त्याच्यावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता.

आमची बुरशी सापडली कफ परेडला, मच्छीमार नगरात. मॅडम स्वतः मला घेऊन गेल्या होत्या. बोंबील वाळत घातले होते त्या मांडवाचे बांबू त्या एकेक करून बघत चालल्या होत्या. एका बांबूवर हळदीसारखा पिवळा ठिपका होता, आणि त्याच्या भोवती वीतभर जागेत दुसरी कुठलीच बुरशी आलेली नव्हती. मॅडम गुडघे धरून खाली बसल्या. "बघ, हिने शेजाऱ्यांना येऊ दिलं नाही. काहीतरी सोडतेय ही." मी ब्लेडने ठिपका खरवडून डबीत घेतला. बोंबील उलटवणारी बाई आमच्याकडे बघत उभी होती. "बाय गो, बांबू काय खरवडतेस? बोंबील घे की!" मॅडमनी तेही घेतले, आणि परतीच्या बसमध्ये आमच्या आजूबाजूच्या तीन सीटा आपोआप रिकाम्या झाल्या.

त्या बुरशीला आम्ही 'पिवळी' म्हणू लागलो. ती जो पिवळा पदार्थ बनवायची त्याने भलेभले जंतू मरायचे, साध्या औषधांना दाद न देणारेसुद्धा. माझं काम एवढंच, की हा पदार्थ बनवणारे जीन कोणते ते शोधायचं. असा पदार्थ एका जीनचं काम नसतं. पाचसहा जीन लागतात, आणि ते बहुतेक वेळा लागून लागून असतात, चाळीच्या एका मजल्यावरच्या खोल्यांसारखे. संगणकाने पिवळीच्या अंगात असे चार मजले दाखवले. चारांपैकी एकावर हा कारखाना चालू होता. कुठल्या, ते कळायचा मार्ग धसमुसळा आहे. मजल्यावरचा मुख्य जीन कापून काढायचा आणि वाट बघायची. बुरशी पिवळी व्हायची थांबली तर हाच तो मजला. नाही थांबली तर पुढचा.

एवढं कळलं की बाकी सगळं कळतं. माझी फजितीसुद्धा.

पिवळीला जिवंत ठेवायची मॅडमची एक पद्धत होती. फ्रीझरवर त्यांचा विश्वास नव्हता. तरुणपणी एकदा वीज गेली आणि त्यांचा बारा वर्षांचा संग्रह वितळून गेला, तेव्हापासून नाही. म्हणून बांबूवरून आणलेली मूळ पिवळी त्यांनी निर्जंतुक वाळूत कोरडी करून काचेच्या नळ्यांत बंद केली होती, आणि त्या नळ्या अगदी नड असल्याशिवाय फोडायच्या नाहीत. रोजच्या वापराला हाताने चालवलेली पिवळी. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जुन्या प्लेटवरचा तुकडा नव्या प्लेटवर लावायचा, म्हणजे झालं. कुठला तुकडा? तेही ठरलेलं. "कडेचा घे. जोमदार, पांढराशुभ्र, कापसासारखा फुललेला. सुरकुतलेला, मळकट दिसेल तो कशाला पुढे न्यायचा?" मला यात वावगं काही वाटलं नाही. आमची आई विरजण लावायला दह्याची घट्ट कवडीच घेते, पाणी सुटलेली बाजू नाही.

दर महिन्याच्या या प्लेटांवर पिवळी कधीच पिवळी दिसायची नाही. तिला खायला भरपूर मिळालं की ती पांढरीच राहते, वाढत सुटते. उपाशी ठेवली की मग बाराव्या दिवशी पिवळा रंग सोडते. त्यामुळे ती पांढरी दिसते याची आम्हाला काळजी नव्हती. तीन वर्षं मी दर महिन्याला पांढराशुभ्र तुकडा पुढे लावत गेले, आणि या चालत्या पिवळीतूनच जीन कापायचे प्रयोग करत गेले.

जीन कापणं म्हणजे सुईत दोरा ओवण्यातला प्रकार नाही. दोरा भलतीकडेच जातो. त्यातून बुरशीच्या बावीस नव्या वसाहती हाती लागल्या, त्यातल्या तिघींमधून जीन खरोखर गेला होता. उरलेल्या एकोणीसमध्ये जीनच्या जागी बसवायला सोडलेला आमचा डीएनएचा तुकडा दुसरीकडेच कुठे जाऊन चिकटला होता आणि जीन होता तिथेच शाबूत. त्या फेल. माझा स्वभाव असा उतावळा, की कुठल्या पास आणि कुठल्या फेल याची तपासणी पुरी व्हायच्या आधीच मी बावीसच्या बावीस उपाशी प्लेटांवर लावून मोकळी झाले होते. सोबत तुलनेला वाळूच्या नळीतली मूळ पिवळी.

बाराव्या दिवशी मूळ पिवळी पिवळीधमक. जीन काढलेल्या तिन्ही पांढऱ्या फटक.

मी किंचाळले. मामा फडकं टाकून धावत आले, त्यांना वाटलं मला करंट लागला. मॅडम नुसत्या म्हणाल्या, "छान," पण त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी स्वतः उठून तिघांचा चहा केला. पुढच्या काही महिन्यांत शोधनिबंध लिहून झाला. मॅडमची निवृत्ती जवळ आली होती. संस्थेत निरोपाचं व्याख्यान असतं, शुक्रवारी, सगळे येतात. त्या व्याख्यानात मॅडम पिवळीचा जीन जाहीर करणार होत्या, आणि सोमवारी निबंध छापायला पाठवायचा होता. त्या निबंधावर माझी पीएचडी.

व्याख्यानाच्या आधीच्या रविवारी मी शीतखोली आवरायला घेतली. मॅडमच्या जागी येणारे सर कसे असतील कोण जाणे, पसारा नको. तळाशी त्या फेल प्लेटांची चळत होती. मी पिशवी भरून मामांकडे दिली. सोमवारी सकाळी मामा एकेक प्लेट कुकरच्या जाळीत रचत होते आणि मी शेजारी उभी राहून मोबाइल बघत होते.

"ताई, ह्यांचे बारा दिवस भरायचेत वाटतं," मामा म्हणाले. "सगळ्या पांढऱ्याच आहेत."

मी सहज वाकले.

एकोणीसच्या एकोणीस पांढऱ्या. तेवढ्यात मामांनी झाकण ओढलं आणि मी "थांबा!" म्हणून एवढ्या जोरात ओरडले की बाहेरच्या पॅसेजमधलं कोणीतरी डोकावून गेलं.

कळलं ना? या प्लेटांतल्या बुरशीत जीन जागच्या जागी होता. हा जीन जर पिवळा रंग बनवत असेल तर या सगळ्या पिवळ्या व्हायला हव्या होत्या. एकही झाली नव्हती. म्हणजे पांढरं पडायचं कारण जीन काढणं हे नव्हतंच. प्रयोगाच्या आधीच माझी चालती पिवळी पिवळी राहिलेली नव्हती! पिवळा पदार्थ बनवायला बुरशीची ताकद खर्च होते. जिने तो बनवायचं सोडलं ती वाढण्यात पुढे, जोमदार, कापसासारखी फुललेली. आणि दर महिन्याला आम्ही नेमकी तिलाच उचलून पुढे नेत होतो. पस्तीसएक वेळा आम्ही कामचुकार बुरशी निवडली आणि कष्टाळू फेकून दिली. पुरावा हवा तर चालती पिवळी उपाशी प्लेटवर लावून बघायला हवी होती. मी ती लगेच लावली. उत्तर बारा दिवसांनी. व्याख्यान चार दिवसांवर.

पुढचे दोन दिवस मी कशी जगले ते माझं मला माहीत. प्रयोगशाळेत थांबवेना. परळच्या हॉस्पिटलांच्या बाहेर डबे घेऊन उभ्या असलेल्या लोकांमधून मी वाट काढत चालायचे, लालबागपर्यंत यायचे, घराचा जिना दिसला की वळून परत परळ. करी रोडच्या पुलावर एकाने "अंधी है क्या?" म्हणून झापलं, मी त्यालाच दोन शिव्या दिल्या. मनात नुसतं बोलणं चाललेलं. कदाचित मीडियम, म्हणजे प्लेटमधलं बुरशीचं खाणं, बिघडलं असेल. कदाचित शीतखोलीत रंग उडाला असेल. न सांगितलं तर? निबंध छापून येईल, मला डिग्री मिळेल, मॅडम हारतुरे घेऊन घरी जातील. कोणाला कळणार आहे? आणि मग कुठल्या तरी गावातलं कोणीतरी पोर आमचा निबंध वाचून त्या जीनमागे आपली चार वर्षं घालवेल. त्या पोराचा मला राग यायचा. माझ्याच आयुष्यात कुठून कडमडलास रे, असं वाटायचं.

पण सगळ्यात जास्त राग मॅडमवर होता. जोमदार घे म्हणे! कोणी सांगितलं होतं?

मंगळवारी संध्याकाळी आईने मला ताटावरून तिसऱ्यांदा उठताना पाहिलं. "काय झाला तुका? दोन दिस बघतंय, पायाक भिंगरी लागल्यासारखी फिरतंस."

मी तिला तिच्या भाषेत सांगितलं. म्हटलं, माल पॅक झालाय, लेबल लागलंय, आणि आता मला कळलंय की आत भेसळ आहे. मुद्दाम केलेली नाही, पण आहे.

"दुकानातून गेलो?" म्हणजे माल गेला का बाहेर, असं तिला विचारायचं होतं.

"शुक्रवारी जाईल."

"मगे?" ती म्हणाली. "मिरची किडकी आसली तर कांडायच्या आधी सांगूचा. मसालो झाल्यावर कोण सांगता आणि कोण ऐकता? जेव आधी." तिला यात विचार करण्यासारखं काही दिसलंच नाही. मला तिचाही राग आला. जेवले मात्र.

बुधवारी सकाळी मॅडम त्यांच्या केबिनमध्ये व्याख्यानाच्या स्लाइड तपासत होत्या. "बस," म्हणाल्या. मी बसले नाही. फेल प्लेटांची चळत टेबलावर ठेवली आणि एका दमात सगळं ओकले. शेवटी माझा आवाज चढला. "जोमदार भाग घ्यायचा, हे तुम्हीच शिकवलंत! मी तुमचंच ऐकलं!"



मॅडमनी चष्मा बदलला. प्लेटा एकेक करून ट्यूबलाइटसमोर धरल्या, सगळ्या एकोणीस. मग विचारलं, "मूळ पिवळी याच मीडियमवर होती? त्याच दिवशी ओतलेल्या प्लेटांवर?"

"हो."

"आणि ती पिवळी झाली होती."

"हो."

"चालती पिवळी लावलीस का उपाशी?"

"सोमवारीच. शुक्रवारपर्यंत काही दिसणार नाही."

त्यांनी प्लेटा पुन्हा नीट रचल्या. "तू घरी जा आता," त्या म्हणाल्या. "मला तुझ्यावर ओरडावंसं वाटतंय, आणि मला ते करायचं नाहीये." मी दार आपटून बाहेर पडले. जिन्यात मामा भेटले, मला बघून ते बाजूला झाले.

शुक्रवारी सभागृह भरलं होतं. पुष्पगुच्छ, शाल, श्रीफळ, मोठमोठी माणसं. मी तिसऱ्या रांगेत, कडेची खुर्ची पकडून बसले, म्हणजे उठून जाता येईल. मॅडम उभ्या राहिल्या. बांबूचा फोटो दाखवला, बोंबलांची गोष्ट सांगितली, लोक हसले. मग म्हणाल्या, "आज मी इथे तुम्हाला एक जीन दाखवणार होते. दाखवणार नाही. तो जीन तोच आहे की नाही हे आम्हाला माहीत नाही. माझ्या बुरशी राखण्याच्या पद्धतीतच दोष होता. जोमदार वाढ म्हणजे चांगली वाढ, असं मी तीस वर्षं शिकवत आले. ते प्रत्येक वेळी खरं नसतं. तुमच्यापैकी काहींना मीच शिकवलंय. घरी जाऊन आपापल्या प्लेटा तपासा."

मॅडमनी पडद्यावरची स्लाइड बंद केली.

"आणि ही चूक शोधली माझ्या विद्यार्थिनीने," मॅडम म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडे हात केला.

टाळ्या वाजल्या. माना वळल्या. आणि मी? मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला असणार. उठून म्हणायला हवं होतं, की बाईंनो आणि सरांनो, फेल प्लेटांकडे बघणं हे माझं काम होतं आणि मी ते केलं नाही. सगळं त्यांनी एकट्यांनी आपल्या अंगावर घेतलं आणि वर मला शाबासकी दिली. दोन वाक्यांचं काम होतं. माझ्याच्याने उठवलं नाही. ज्या बाईला आयुष्यात कुठे बसवत नाही, ती त्या दिवशी गप बसून राहिली. याची लाज मला आजही वाटते, आणि वाटायलाच हवी.

पुढच्या आठवड्यात चालती पिवळी उपाशी प्लेटवर पांढरीच राहिली. शंका फिटली. मॅडम निवृत्त झाल्या, निबंध कपाटात गेला, मला मुदतवाढ मिळाली. पोटापाण्यासाठी सकाळी एका ज्युनिअर कॉलेजात प्रॅक्टिकल घ्यायचे आणि दुपारपासून परळ. मॅडमनी वाळूच्या सगळ्या नळ्या जाताना माझ्या ताब्यात दिल्या होत्या. त्यांतली एक फोडली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. त्याच मजल्यावरचा तोच जीन, पण मूळ पिवळीतून. या वेळी जोमदार, मरतुकडी, सुरकुतलेली, सगळी पुढे नेली, आणि दर खेपेला उपाशी प्लेटवर तपासली. हाताला सवय लागली होती कडेचा शुभ्र तुकडा उचलायची, ती मोडायला वेळ लागला.

पावसाळा गेला, गणपती गेले, दिवाळी गेली. चार वसाहतींतून जीन नेमका निघाला. त्या चार, सोबत फेल झालेल्या सगळ्या, सोबत मूळ पिवळी, असं सगळं एका दिवशी उपाशी ठेवलं. बाराव्या दिवशी कॉलेजला सुट्टी टाकून मामांच्याही आधी पोचले आणि दार उघडलं.

सगळ्या पिवळ्या. जीन काढलेल्या चारही हळदीसारख्या पिवळ्या.

तो जीन नव्हताच. त्या मजल्यावर पिवळं काही बनतच नव्हतं. आम्ही जाहीर केला असता तो जीन साफ चुकीचा होता. मला हसू फुटलं आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मामा आले. "झालं का, ताई?"

"नाही झालं, मामा. तो जीनच चुकीचा होता."

"मग हसताय काय?"

मी डोळे पुसले. नोंद करायला वही काढली. मीडियमचं प्रमाण मागच्या वेळी काय होतं ते बघायला जुनी वहीही काढली, आणि पानं उलटता उलटता ते पान समोर आलं. बावीस प्लेटांचं. तीन नंबरांपुढे लाल शाईत 'पांढरी!!!' आणि खाली, घाईघाईच्या बारीक अक्षरात, माझ्याच: 'बाकी फेलपण सगळ्या पांढऱ्या. बहुधा मीडियम जुनं. बघायचं.'

शेजारी मूळ पिवळी पिवळीधमक झालेली असताना मी लिहिलं होतं, मीडियम जुनं. मी त्या प्लेटा तेव्हाच पाहिल्या होत्या. पाहिल्या, लिहिल्या, आणि आनंदाच्या भरात विसरून गेले. मामांनी झाकण ओढलं त्या सकाळी मला वाटलं होतं की मी पहिल्यांदाच बघतेय. मी वही पिशवीत टाकली आणि निघाले.

मॅडमचं घर गिरगावात, एका वाडीत, दुसऱ्या मजल्यावर. मी अर्धं अंतर बसने आणि अर्धं चालत गेले, कारण बसमध्ये धीर निघेना. दार त्यांनीच उघडलं. सुती साडी, केस मोकळे, हातात जुन्या कागदांचा गठ्ठा. "अगं, तू? ये, ये. फोन नाही केलास?"

मी उभ्या उभ्याच मोबाइलवरचा फोटो पुढे केला. त्यांनी बोटांनी मोठा करून पाहिला, चारही प्लेटा, मग फेल, मग मूळ. चेहरा असा खुलला की मी त्यांना इतकं खूश त्या चहाच्या दिवशीही पाहिलं नव्हतं. "म्हणजे हा मजला नाही! वाचलो गं आपण. आता तीन उरले. आधी कुठला घेतेस?"

"मॅडम, त्याआधी एक सांगायचंय." आणि मी सांगितलं. की व्याख्यानाच्या दिवशी मी उठायला हवं होतं आणि उठले नाही. की तुमच्यावर ओरडले तेव्हा मला स्वतःवर ओरडायचं होतं. की चूक तुमच्या पद्धतीची होती तेवढीच माझ्या डोळ्यांची होती, आणि त्याचा हा लेखी पुरावा. वही उघडून त्यांच्यासमोर ठेवली.

त्यांनी ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. मला वाटलं आता खरंच ओरडतील, आणि ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मग त्यांचं बोट हळूहळू पानाच्या तळाशी गेलं. तिथे हिरव्या शाईत दोन अक्षरं आणि खाली शनिवारची तारीख होती. दर शनिवारी माझी वही त्यांच्या टेबलावर जायची आणि पानापानावर सही होऊन परत यायची. इतक्या वर्षांत ती सही मला दिसेनाशी झाली होती.

"मी हे वाचलंच नाही गं," मॅडम म्हणाल्या. "तू इथे स्वच्छ लिहून ठेवलं होतंस. मी नुसती सही केली."

"मी पण वाचलं नव्हतं, मॅडम," मी म्हटलं. "मी नुसतं लिहिलं."